सोन्याची जीभ

सागरदादाने ते अगदी सहज सांगितलं. परसातली मोटार दुरुस्त करून घेतली हे सांगावं, तितक्या सहज. समोर काचेच्या पेटीत निळ्या मखमलीवर सोन्याचा एक पातळ पत्रा ठेवला होता, जिभेच्या आकाराचा, मधोमध एक रेघ ओढलेला. खाली मराठीत पाटी होती: मृताला परलोकात देवांशी बोलता यावं म्हणून तोंडात ठेवायची सोन्याची जीभ. दादाला सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय. त्यानं ही पण वाचली आणि म्हणाला, "हे बघ गो बाय, हे लोक पण आपल्यासारखेच. मेल्याच्या तोंडात सोनं घालायचं." मग उजव्या हाताचं बोट धाकट्या बहिणीच्या, योगिनीच्या नाकापुढे धरून म्हणाला, "ह्या अंगठीत आईचा मणी आहे. तू तिच्या तोंडात ठेवलेलास ना, तोच. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा राख चाळून काढला मी. वितळून साबुदाण्याएवढी गोळी झालेली. त्यात आणखी सोनं घालून ही केली. रविवारी उष्टावणाला सानवीला हिनंच खीर चाटवणार. आजीचं सोनं नातीच्या जिभेला." सानवी त्याच्या डाव्या कडेवर होती. सात महिन्यांचं पोर, दिसेल ते तोंडात घालायचे दिवस. तिनं ते चकाकणारं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाकडे ओढलं. योगिनीनं लेकीला त्याच्या कडेवरून अशी हिसकून घेतली की तिचा एक मोजा खाली पडला आणि पोर जीव खाऊन रडायला लागली. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. दादानं मोजा उचलला, झटकला आणि म्हणाला, "भूक लागली असेल तिला."

आता त्या प्रदर्शनाबद्दल काय बोलावं. इजिप्तच्या राजांचा खजिना म्हणून रत्नागिरीभर फलक लागले होते, आणि आत सगळा माल नकली. कोल्हापूरहून आलेला, पुढे गोव्याला जायचा. ट्रकमध्ये चढवून उतरवून राजाच्या मुखवट्याच्या नाकाचा रंग उडालेला, त्यावर नवा हात मारलेला, आणि त्या रंगातल्या थिनरचा वास एसीच्या गारव्यात कोंडून राहिलेला. सोनेरी पलंग, सोनेरी रथ, सोनेरी चपला. बघावं तिकडे पिवळं. कावीळ झालेल्या माणसाला जग असंच दिसत असेल. पोरं ओरडत होती, "मम्मी, ममी बघ, ममी," आणि मम्म्या ममीसमोर उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. माइक धरलेली एक कॉलेजातली मुलगी पाठ केल्यासारखं सांगत होती: नाकातून आकडा घालून मेंदू ओढून काढायचे, आतडी काढून बरण्यांत भरायचे, अंगात मीठ भरून सुकवायचे. त्यावर मागून एक माणूस म्हणाला, "म्हणजे खारवलेली सुरमय," आणि सगळे हसले. मग ती मुलगी म्हणाली की पुरण्याआधी पुजारी राजाच्या ओठांना एक हत्यार लावून तोंड उघडायचा विधी करत, म्हणजे मेल्यावर त्याला जेवता येई. आणि नंतरच्या काळात चोरांचा सुळसुळाट झाला तेव्हा पुजाऱ्यांनीच राजांच्या पट्ट्या सोडल्या, अंगावरचं सोनं काढून घेतलं आणि त्यांना पुन्हा नीट गुंडाळून दुसरीकडे लपवलं. हे सगळं ऐकताना योगिनीला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी, संडासाच्या डब्या. बाकीच्या मुली मास्कवर मास्क लावतात. ही झाकण उघडते, बघते, काचेवर घेते, आणि त्याच टेबलापासून चार हातांवर बसून डब्यातली भेंडीची भाजी खाते. तिचा नवरा गौरव लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणायचा, तुला देवानं नाक दिलंच नाही. तर अशा बाईला त्या पत्र्यासमोर, रडणारी पोर खांद्यावर घेऊन उभी असताना, तोंडाला पाणी सुटलं. ओकारीच्या आधीचं, पातळ, खारट पाणी. ते गिळलं की आणखी सुटतं.

बाहेर मोकळ्या हवेत तरी बरं वाटावं, तर फेब्रुवारीचा महिना, आवारातल्या आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला, आणि त्याचा तो गोड चिकट वास थेट घशात जाऊन बसला. दादा उसाचा रस घेऊन आला. ग्लास धरलेल्या बोटात ती अंगठी. जाड, वर चौकोनी, त्यावर ओम. योगिनीनं ती आधी दहा वेळा तरी पाहिली असेल. बारशाला ह्याच हातानं त्यानं सानवीच्या गळ्यात साखळी घातली होती. भाऊबीजेला ओवाळताना ह्याच बोटाला लागलेलं कुंकू तिनं पुसलं होतं, आणि ह्याच बोटांनी त्यानं तिच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला होता, आणि ती हसत हसत तो खाऊन बसली होती. म्हणजे ते केव्हाच तिच्या पोटात गेलं होतं. हा विचार आला आणि तिनं रस न पिता कुंडीत ओतला. दादाला वाटलं बर्फामुळे. "तुला सर्दी होते ना, विसरलोच मी," असं म्हणून तो बिचारा बिनबर्फाचा दुसरा आणायला गेला.

आईचं तोंड. तसं बघायला गेलं तर त्या तोंडाची तिच्याइतकी ओळख जगात दुसऱ्या कुणाला नव्हती. मालनबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा योगिनी बिनपगारी रजा घेऊन भाट्याला माहेरी राहिली होती. नाकातून नळी घातलेली, गिळणं बंद. तोंड आतून सुकून पापुद्रे धरायचं. बोटाला कापूस गुंडाळून, ग्लिसरीनमध्ये बुडवून ती रोज सकाळ-संध्याकाळ आईचं तोंड पुसायची: जीभ, टाळू, गालांच्या आतली बाजू, मागची ती एकुलती एक दाढ. वास यायचा. चांगलाच यायचा. वहिनी नाकाला पदर लावून खोलीच्या बाहेर उभी राहायची आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. पण योगिनीला त्या वासाची किळस आली नाही, एकदासुद्धा नाही. आई तिचं बोट हिरड्यांत धरून ठेवायची कधीकधी, सोडायची नाही, आणि डोळ्यांनी हसायची. मग ती गेली. तुळशीचं पान आणलं, गंगेची लोटी फोडली, आणि सखूआत्या म्हणाली, तोंडात सोनं घाला. तर घरात सुटा मणी कुणाला सापडेना. कपाटाची किल्ली कुठे, डबी कुठे, सगळ्यांची पळापळ. योगिनीनं आपल्या गळ्यातल्या मंगळसूत्राचा दोरा दातांनी तोडला आणि त्यातला एक सोन्याचा मणी काढला. आत्या ओरडली, अगो, सवाष्ण बाई तू, हे काय करतेस. तोवर मणी आईच्या जिभेवर गेला होता. जीभ अजून मऊ होती. तिनं तो बोटानं जरा आत सरकवला, पडू नये म्हणून, आणि हनुवटी वर करून तोंड मिटलं. आयुष्यात एवढं एक काम आपण नीट केलं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, आणि पुढेही वाटत राहिलं होतं. आई जिथे कुठे गेली असेल तिथे आपला मणी घेऊन गेली. आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी जाऊन, उकिडवा बसून, चाळणीनं. चाळणी कुठली असेल? घरातूनच नेली असेल. पिठाची की रव्याची? नंतर परत आणून खुंटीला लावली असेल का? गेल्या दिवाळीला तिकडे जाऊन आपण करंज्या खाल्ल्या, त्यांचा मैदा कशानं चाळला होता?

एकदा मन त्या वाटेला लागलं की त्याला काही धरबंद राहत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका म्हातारीच्या थुंकीची डबी उघडली आणि योगिनीला बेसिनकडे धावावं लागलं. बरोबरच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचा तर्क भलताच. घरी कुकरची शिट्टी झाली, भाताचा वास आला, आणि तिला अन्न जाईना. आरशात बघून केस विंचरताना गळ्यातले मणी दिसले आणि एकेक मणी तोंडात धरलेला वाटायला लागला. बायका बसमध्ये सोनं घालून बसलेल्या. कुणाच्या बांगड्या कुणाच्या हातातल्या, कुणाच्या कुड्या कुणाच्या कानातल्या, काय ठाऊक. सोनाराच्या मुशीत सगळं एक होतं. मेलेल्यांच्या अंगावरून उतरवलेलं जिवंतांनी मिरवायचं आणि वर म्हणायचं, आजेसासूची आठवण. शी. आणि सानवी मांडीवर, तोंडातून लाळ गाळत, नवीन दाताची खाज म्हणून जे सापडेल ते चघळत असलेली. तिचं ते गुलाबी स्वच्छ तोंड. अजून दुधाशिवाय त्यात काही गेलं नव्हतं. अन्नाचा पहिला कण रविवारी जायचा होता, आणि तो त्या अंगठीवर बसून जायचा होता.

गौरवला तिनं सांगून पाहिलं. तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता. "अगं, अग्नीतून गेलंय ते. त्याहून शुद्ध काय असतं? तू तर सायन्सवाली. एक जंतू राहिला असेल का त्यात?" जंतूचा प्रश्नच नव्हता. प्रश्न कशाचा होता हे तिला त्याला सांगता आलं नाही, कारण ते तिलाच नीट कळलं नव्हतं. "मग दादाला सरळ सांग की नको म्हणून," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलकडे वळला. सरळ सांग. सोपं आहे बोलायला. त्याचे आईवडील इथे आतल्या खोलीत टीव्ही बघत बसलेले. योगिनीचे वडील ती शाळेत असताना बोटीवर वारले, प्रेतच घरी आलं. आई ही अशी गेली. मागे राहिलं ते सागरदादाचं घर, तेवढंच माहेर. त्या घरात तिला आवडतात म्हणून उकड्या तांदळाचा डबा अजून वेगळा काढून ठेवतात. ती येणार म्हटलं की दादा पहाटे जाऊन बंदरावरून ताजी मासळी आणतो, आणि हा दादा म्हणजे काही हावरट माणूस नव्हे. वडील गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून त्यानं हिला शिकवलं. उष्टावणाचा मान मामाचा. त्याच्या हातून घास काढून घेणं म्हणजे काय, हे रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तरी ती गेली. शुक्रवारी लॅबमधून परस्पर भाट्याला गेली. पुलावरून जाताना खाडीचा वारा तोंडावर आला, आणि आता सांगायचंच, असं तिनं तीनतीनदा घोकलं. दादा परसात बसून माडाच्या झापांचे हीर काढत होता, झाडू करायला. ती पायरीवर बसली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिनं विचारलं, "दादा, कशाला काढलास रे तो मणी?"

दादानं कोयती खाली ठेवली. त्याला राग आला नव्हता. "तुला काय वाटलं, मी गुंजभर सोन्यासाठी केलं?" तो म्हणाला. "आपण सावडून घरी आलो की मागून दुसरे येतात गो तिकडे. चाळणी घेऊनच येतात. मी बघितलंय त्यांना, बाबांच्या वेळी. आईच्या तोंडातला घास कुणीतरी नेऊन विकला असता. त्यापेक्षा घरात राहिला. माझ्या हातात आहे, म्हणजे ती हातात आहे. जेवायला बसलो की पहिला घास तिच्या सोन्याला लागून जातो."

योगिनीला त्या माइकवाल्या मुलीचं बोलणं आठवलं. पुजाऱ्यांनीच पट्ट्या सोडल्या. चोरांच्या हाती लागू नये म्हणून. "मग मला द्यायचास," ती म्हणाली.

"दिला असता तर काय केलं असतंस?"

"समुद्रात टाकला असता."

"आईला टाकली असतीस समुद्रात," दादा म्हणाला आणि पुन्हा हीर काढायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते. आता ह्याच्यावर काय बोलायचं? तो खोटं बोलत नव्हता. त्याचं प्रेम खरं होतं, आणि तेच तिला सोसवेना. तो खोटा असता, लुच्चा असता, तर दोन शब्द सुनावून ती मोकळी झाली असती. ह्या प्रेमालाच तो वास येत होता. रोज जेवताना, पहिल्या घासाला, त्या राखेतल्या गोळीला जीभ लावायची आणि त्याला आई म्हणायचं. वहिनीनं चहा आणला, बरोबर खोबऱ्याच्या वड्या आणल्या, आणि योगिनीनं चहा न चाखता एका दमात घशाखाली ओतला. जे सांगायला आली होती ते तसंच घेऊन, हातात वड्यांचा डबा घेऊन, ती परत निघाली. रिक्षात बसताना तिनं नेहमीप्रमाणे "येते हां" म्हटलं आणि दादानं नेहमीप्रमाणे "ये गो बाय" म्हटलं. ह्या गावांत माणूस 'जातो' म्हणत नाही. मासेमारीला जाणारा म्हणत नाही, मुंबईला जाणारा म्हणत नाही. जातो म्हणजे कायमचा. निघताना येतो म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्यानं ये म्हणायचं, एवढं पाळलं की झालं.

रविवार उजाडला. बाहेरच्या खोलीत पाटाभोवती रांगोळी, समई, चांदीची वाटी. सासूबाईंनी तांदळाची खीर केली होती, वेलची घालून, आणि तो वास सकाळपासून घरभर. योगिनी काहीच न खाता वावरत होती. माणसं घरचीच: सासरची मंडळी, शेजारचे दोघं-तिघं, आणि लांज्याहून आलेली सखूआत्या. दादा नवीन सदरा घालून आला होता. त्यानं सानवीसाठी पैंजण आणले होते, तिच्या पायांत ते स्वतः घातले, तिला मांडीवर घेऊन पाटावर बसला, आणि ती त्याच्या सदऱ्याचं बटण चोखायला लागली तेव्हा सगळे हसले. सासूबाईंनी वाटी पुढे केली. दादानं डोळे मिटून हात जोडले. तो आईला आठवतो आहे हे योगिनीला कळलं. मग त्यानं अंगठीचा ओम खिरीत बुडवला. पांढरा दाट थेंब सोन्यावर चढला, आणि खोबणीतून खाली ओघळला.

"दादा, अंगठी काढ," योगिनी म्हणाली.

"लागणार नाही गो तिला. नुसती टेकवायची."

"लागेल म्हणून नाही. ते आईच्या तोंडातलं आहे."

सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी दादाकडे बघितलं, मग हातातल्या वाटीकडे. गौरव म्हणाला, "योगिनी, आता नको." पण सखूआत्या आता गप्प बसणार थोडीच. "आईच्या तोंडातलं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "सोन्याला कसला आलाय विटाळ? आणि तू कुठल्या तोंडानं बोलतेस गो? दात नव्हते तुला तेव्हा मालन भाकरी चावून मऊ करून तुझ्या तोंडात घालायची. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. तेव्हा नाय किळस आली?"

"तो घास तिनं दिला होता," योगिनी म्हणाली.

एवढंच ती बोलली, आणि बोलल्यावर तिला स्वतःलाच कळलं की इतके दिवस पोटात जे ढवळत होतं ते हे होतं. राख नाही, मढं नाही, वास नाही. आईनं तोंडातून काढून दिलेलं काहीही तिनं खाल्लं असतं, आजही खाल्लं असतं. हे तिनं दिलेलं नव्हतं. तिचं तोंड मिटलेलं होतं, योगिनीनं स्वतःच्या हातानं मिटलेलं, आणि तिला विचारणार तरी कोण होतं. दादा तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यातला रंगच गेला. त्यानं अंगठी काढायला घेतली. ती निघेना. बोट जाड झालेलं, सांध्यावर अडकली. त्यानं ओढली, पिळली, खीर बोटभर माखली, तिचे थेंब त्याच्या नव्या सदऱ्यावर, सानवीच्या झबल्यावर पडले. वहिनी म्हणाली, साबण आणू का. कुणीतरी खोबरेल म्हणालं. आठ-दहा माणसं तोंडं वासून एका माणसाचं बोट बघत उभी होती, आणि तो मान खाली घालून ओढत होता, सांधा सोलवटून लाल होईपर्यंत. मग तो थांबला. हात सदऱ्याला पुसला. सानवीला उचलून त्यानं समोर बसलेल्या योगिनीच्या मांडीवर ठेवलं, अगदी हळू, डोक्याखाली हात धरून.

"तूच भरव," तो म्हणाला.

योगिनीनं तर्जनी वाटीत बुडवली आणि लेकीच्या तोंडात घातली. सानवीनं डोळे मोठे केले, तोंड वेडंवाकडं केलं, मग चव कळली तशी तिनं ते बोट हिरड्यांत आवळून धरलं आणि सोडेना. दादा तोवर उंबऱ्यापाशी जाऊन चपला घालत होता. पानं मांडली होती, जेवून तरी जा, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. वहिनीनं आपली पिशवी उचलली. चप्पल पायांत घालून तो सरळ झाला, त्यानं एकदा सानवीकडे बघितलं आणि म्हणाला,

"जातो."

सखूआत्याच्या काळजात चर्र झालं असावं. "येतो म्हण रे मेल्या, असं बोलू नये," ती म्हणाली. दादानं ते ऐकलं. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला, पाठ करून, जरा वेळ. कशासाठी थांबला होता हे योगिनीला कळत होतं. एक अक्षर हवं होतं त्याला. ये. ते तिनं म्हटलं असतं तर तो कसाही म्हटलेला 'जातो' पुसला गेला असता. मागे राहणाऱ्याच्या हातात तेवढं असतं. आपल्याला शिकवणारा, मासळीसाठी पहाटे उठणारा, डोक्याखाली हात धरून पोर मांडीवर ठेवणारा हा माणूस चालला आहे, आणि हा गेला की भाट्याच्या पुलापलीकडे आपलं कुणी नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. तिनं ये म्हणायला तोंड उघडलं. पण त्या सदऱ्याच्या बाहीखाली त्याचा तो हात लोंबत होता, अंगठीच्या खोबणीत अजून खीर साचलेला, आणि तिच्या तोंडाला पुन्हा तेच खारट पाणी सुटलं, गळ्यापर्यंत वर आलं. बोलली असती तर ती तिथेच, लेकीच्या अंगावर ओकली असती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. फाटकाची कडी वाजली, बाहेर स्कूटर सुरू झाली, आणि सानवीनं बोट सोडून पुढच्या घासासाठी आ केला.